पहिलं पाणी

जुना डिशवॉशर गेला आणि आठल्यांच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षांनी पहिल्यांदा शांतता झाली. शुभदाला ती मुळीच आवडली नाही.

जुन्याचा सगळा कारभार आवाजी होता. सुरू झाला की आधी घसा खाकरायचा, मग आतल्या आत आदळआपट करायचा आणि शेवटी पाणी सोडताना असा सुस्कारा टाकायचा की बाहेरच्या खोलीतले पाहुणे दचकत. हेमंतराव, म्हणजे शुभदाचे यजमान, त्याला 'डबडं' म्हणत. डबड्यात कढई मावत नसे, दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नसे, आणि कुकरच्या भांड्याला चिकटलेला भात त्याने चौदा वर्षांत एकदाही काढला नव्हता. पण त्याच्याशी शुभदाचं जमलं होतं. ती प्रत्येक भांडं आधी नळाखाली स्वच्छ विसळायची आणि मग आत रचायची. "अगं, तू धुऊन दिल्यावर ते बिचारं काय धुणार?" असं हेमंतराव विचारत. तिचं उत्तर ठरलेलं असे, "खरकटं आत कोंबायला माझा हात होत नाही."

एका शनिवारी डबड्याने स्वयंपाकघरभर पाणी सोडलं आणि मान टाकली. त्यांची एकुलती एक मुलगी सानिका बंगळुरूला होती. तिने तिसऱ्या दिवशी नवा डिशवॉशर साताऱ्यात, चौथ्या मजल्यावर, आईच्या दारात हजर केला.

नव्याबद्दलची पहिली मतं शुभदाने तिला फोनवर सविस्तर कळवली. कढई मावते, हे एकदम कबूल. वरची फळी खालीवर होते, हीही सोय चांगली. आवाज इतका कमी की चालू आहे का बंद, ते कळावं म्हणून तो फरशीवर लाल उजेडाचा एक ठिपका पाडतो. पहिल्या दिवशी शुभदाने तो ठिपका कुंकू सांडलं समजून दोनदा पुसला होता. वेळ मात्र पावणेतीन तास. "तेवढ्यात मी भांडी घासून, पुसून, मांडून वर एक डुलकी काढीन." काम झालं की दार आपोआप चार बोटं उघडतं आणि सगळी वाफ ओट्याखालच्या लाकडाला लागते, हे तिला अजिबात पसंत नव्हतं. प्लॅस्टिकचे डबे ओलेच निघतात. पण दुधाचं करपलेलं पातेलं त्याने लख्ख काढलं, तेव्हा तिने नाइलाजाने "बरा आहे" म्हटलं.

यंत्र बसवायला मुजावर आले होते. केस पांढरे झालेले, अख्ख्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरांत ओट्याखाली डोकं घालून आयुष्य काढलेले गृहस्थ. जाता जाता ते म्हणाले, "एक ध्यानात ठेवा ताई. भांडी इसळायची न्हाईत. खरकटं तसंच आत लावायचं."

"का बरं?"

"इसळलं तर ह्याला वाचायला काय उरतंय?"

हे वाचणं असं होतं. साबण सोडण्याआधी यंत्र प्रत्येक ताटावर चमचाभर कोमट पाणी मारायचं आणि ते ज्याचं त्याचं वेगळं गोळा करायचं. या पहिल्या पाण्यात ताटाची सगळी हकीकत असते. पोळ्या किती, तेल किती, मीठ किती, पानात टाकलं किती. आणि त्यात जेवणाऱ्याची लाळ असते. काट्याचमच्यांच्या देशांत ताटावर लाळ फारशी उतरत नाही, म्हणून तिकडे हा शोध बरीच वर्षं रखडला होता. आपण हाताने जेवतो. बोटं तोंडात जातात, परत ताटात येतात, आणि आमटी संपली की ताट बोटाने निपटून काढलं जातं. एका प्रयोगशाळेतल्या दोन बाईमाणसांना आपल्याच जेवणाच्या सुट्टीत हे सुचलं आणि तिथून गाडी पुढे सरकली.

लाळेत काही प्रथिनं अगदी अब्जांश भागाने असतात. मेंदूतल्या पेशी बिघडू लागल्या की त्यांची घडी चुकते आणि चुकलेल्या घडीची प्रथिनं वाढत जातात. पूर्वी ती शोधायची म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालावी लागे. एका ताटावरून काहीच सिद्ध होत नाही, पण रोजची दोन ताटं, अशी कित्येक दिवसांची एकापुढे एक मांडली की कल दिसू लागतो. डीएनए वाचायला मात्र कायद्याने बंदी होती. त्यामुळे यंत्र माणूस ओळखायचं ते ताटावरून. ज्याचं ताट, त्याची लाळ, असा त्याचा सरळ हिशेब होता.

आता ताट कोणाचं, हे कसं कळणार? तर ज्यांनी यंत्र आपल्याकडच्या घरांसाठी तयार केलं, त्यांनी एक शक्कल लढवली. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालायची चाल. दुकानदार टोच्याने बारीक ठिपक्यांचं नाव कोरून देतो. यंत्रातला कॅमेरा ती नावं वाचायचा. आठल्यांकडची भांडी पहिल्यांदा वाचून त्याने जाहीर केलं की या घरात अकरा माणसं जेवतात. त्यांत कै. सासूबाई होत्या, 'विमलमावशीकडून सप्रेम भेट' या नावाच्या कोणी बाई होत्या आणि 'बालवीर गणेश मंडळ' हेही एक माणूस होतं. मंडळाचं पातेलं परत करायचं राहून गेलंय, हे त्यानिमित्ताने उघडकीला आलं.

हेमंतरावांनी सोफ्यावर बसून मोबाइलवर नऊ नावं खोडली. उरली दोन, हेमंत आणि शुभदा.

शुभदा आतून ओरडली, "अहो, ताटांची अदलाबदल सांगितलीत ना त्याला?"

"हो, हो," हेमंतराव म्हणाले आणि त्यांनी 'बरोबर' दाबलं. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव गेलं. गॅस, वीज, घरपट्टी, सगळंच त्यांच्या नावावर होतं, त्यात आणखी एक.

ती अदलाबदल म्हणजे घरातली मानाची गोष्ट होती. लग्नात शुभदाच्या वडिलांनी दोन ताटं दिली होती, जावयाला मोठं आणि लेकीला जरा लहान. नावं घालताना दुकानदाराने घोळ केला. मोठ्या ताटावर 'शुभदा' आलं, लहान ताटावर 'हेमंत'. वडील बदलून आणायला निघाले, तर नव्या जावयाने मोठं ताट पुढ्यात ओढलं आणि भर पंगतीत सांगितलं, "राहू द्या. मी जन्मभर बायकोच्या नावावर जेवणार!" तेव्हापासून अडतीस वर्षं ते त्याच ताटात जेवत होते. घरी पाहुणा आला की जेवण झाल्यावर ताट कलतं करून नाव दाखवायचं आणि हा किस्सा सांगायचा, हा त्यांचा नेम. शुभदाला तो इतका पाठ झाला होता की ते 'पुढ्यात' या शब्दाशी आले की ती ताक आणायला उठायची.

नव्या यंत्राच्या पहिल्या आठवड्यात शुभदाचा हात काही आवरेना. ताट उचललं की नळाखालीच जायचं. रविवारी सानिकाचा फोन आला. "आई, तुम्ही दोघं उपास करताय का? मला रोज निरोप येतोय, आज या घरात कोणीही जेवलं नाही."

"इथे तुझे बाबा श्रीखंड चाटताहेत."

"मग विसळू नकोस गं! त्यासाठी तर एवढं महागाचं घेतलं."

शुभदाने सवय मोडली. पंधरा दिवस लागले. आमटीचे ओघळ आणि भाताची शितं असलेलं ताट आत ठेवताना ती तोंड दुसरीकडे करायची, पण ठेवायची. आणि तिची ही सवय मोडून दोनेक महिने होतात न होतात, तोच हेमंतरावांना नवीच सवय लागली. ते जेवण झाल्यावर ताटं उचलू लागले.

अडतीस वर्षांत या गृहस्थाने जेवून उठल्यावर ताटाकडे वळून पाहिलं नव्हतं. तसे ते आळशी नव्हते. त्यांचं काम बैठं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं होतं. ते परवानाधारक मोडीवाचक होते. जुनी वतनं, वाटण्या, पाटाच्या पाण्याचे हक्क, सगळे मोडी लिपीत. कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, तसे रुमालच्या रुमाल त्यांच्या टेबलावर येत. यंत्रं मोडी घडाघडा वाचू लागली त्याला दहा वर्षं होऊन गेली होती, पण कोर्ट नुसत्या यंत्राच्या शब्दावर कोणाची जमीन हलवत नव्हतं. वाचनाखाली माणसाची सही लागे. हेमंतरावांच्या सहीला चौतीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती. नाही म्हणायला गेल्या महिन्यात एक वाचन परत आलं होतं. त्यात एकच पान दोनदा लिहिलं गेलं होतं. त्यांनी ते कारकुनावर ढकललं आणि दिवसभर घरात कोणाशी बोलले नाहीत.

"निवृत्त व्हायच्या आधीच घरकाम शिकताय?" शुभदाने विचारलं.

"शिकतोय. तू दमतेस."

ते ऐकून शुभदाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की शेजारच्या निंबाळकर वहिनींना तिने ते दोनदा सांगितलं.

मग सानिकाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात गंमत नव्हती. "आई, बाबा जेवत नाहीयेत का?"

"काल पाच पोळ्या झाल्या त्यांच्या."

"यंत्र म्हणतंय तीन आठवडे हेमंतचं ताट कोरं आहे. तुझं रोज दिसतंय. आई, काही लपवत नाहीस ना?"

शुभदाने मुजावरांना बोलावलं. ते सकाळी आले, ओट्याखाली डोकं घालून अर्धा तास बसले आणि उठून म्हणाले, "यंत्र एकदम ओके हाय ताई. हे बघा." त्यांनी छोट्या पडद्यावर दोन रांगा दाखवल्या. "हे शुभदाचं ताट. पोळी, उसळ, लोणचं, समदं दिसतंय. आणि हे हेमंतचं. हे धुऊन येतंय. घरात कोणतरी इसळतंय बघा. साहेबांनाच विचारा की."

शुभदाने चहा दिला, पैसे दिले आणि दार लावलं. हेमंत नावाचं ताट म्हणजे तिचं स्वतःचं, लहान. म्हणजे अदलाबदल त्यांनी यंत्राला सांगितलीच नव्हती, आणि गेले तीन आठवडे ते तिचं ताट विसळून ठेवत होते. स्वतःचं नाही. फक्त तिचं. यात काय मतलब असावा, हे तिला काही केल्या उलगडेना.

दुपारी जेवणं झाली. हेमंतराव दोन्ही ताटं घेऊन आत गेले. शुभदा मागोमाग जाऊन दारात उभी राहिली. त्यांनी आपलं मोठं ताट तसंच्या तसं यंत्रात लावलं. मग नळ सोडून तिचं लहान ताट विसळायला घेतलं. विसळणं कसलं, नुसतं पाण्याखाली धरणं. बोटाने मधोमध दोन गोल फिरवले आणि झालं. काठाला वरण तसंच होतं.

"माझं ताट का धुताय?"

ते दचकले. पाणी तसंच वाहत राहिलं. मग त्यांनी नळ बंद केला, पंच्याला हात पुसले आणि खुर्चीवर बसले. "मुजावर कशाला आला होता, ते कळलं मला," ते म्हणाले. "बस. सांगतो."

त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. बावीस दिवसांपूर्वीचा निरोप होता. कुटुंबप्रमुखांना उद्देशून.

'शुभदा या ताटावरील नमुन्यांत विस्मृतीच्या विकाराशी संबंधित प्रथिनांचे प्रमाण सातत्याने वाढत असल्याचे आढळले आहे. संभाव्यता शेकडा एक्क्याऐंशी. या प्रकारात आठवणी क्रमाने जात नाहीत, मधूनमधून गळतात. रुग्णास धक्का बसू नये म्हणून ही सूचना प्रथम आपणांस देत आहोत. पुढील तीस दिवस हेच आढळल्यास नोंद आरोग्य खात्याकडे जाईल व संबंधित व्यक्तीस तपासणीस बोलावले जाईल. सलग पाच दिवस नमुना न मिळाल्यास मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.'

शुभदाने ते एकदा वाचलं. मग 'शुभदा या ताटावरील' एवढे तीन शब्द पुन्हा वाचले.

"तुझ्या आईचं ते विसरत जाणं तू सगळं पाहिलंस," हेमंतराव खाली बघत बोलत होते. "तेव्हा मला म्हणाली होतीस, माझं असं काही झालं तर मला सांगू नका. मी विसरलो नाही ते. म्हणून तुझं ताट विसळत होतो. खात्याकडे जाऊ द्यायचं नव्हतं. सानिकालाही नाही. तू मजेत होतीस. तुला काही आठवत नाही असं मला तर एकदाही वाटलं नाही गं."

त्यांचा आवाज फुटला. अडतीस वर्षांत शुभदाने तो दोनदाच फुटलेला ऐकला होता.

तिने यंत्राकडे पाहिलं. दार उघडंच होतं. आत मोठं ताट उभं होतं, त्याच्यावर उसळीचा रस सुकत चालला होता. काठाच्या बाहेरच्या बाजूला बारीक ठिपक्यांत 'शुभदा' लिहिलेलं होतं. हेमंतरावांच्या डोळ्यांसमोर.

तिला वाटलं, आत्ता त्यांच्या लक्षात येईल. आत्ता ते कपाळावर हात मारतील. त्यांनी मारला नाही. मग शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "अहो, ती आपल्या लग्नातल्या ताटांची गोष्ट सांगा ना."

हेमंतरावांनी वर पाहिलं. डोळे ओले होते, आणि त्यांत नुसतं कुतूहल होतं.

"कुठली गोष्ट?"

शुभदाला रडू आलं नाही, राग आला. यंत्रावर, दुकानदारावर, आणि त्या किश्शाच्या वेळी ताक आणायला उठून जाणाऱ्या स्वतःवर. "काही नाही," ती म्हणाली. "अशीच एक. नंतर सांगेन."

"बघ, तू घाबरलीस. म्हणूनच सांगत नव्हतो."

"घाबरले," शुभदा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

दुपारभर ती आतल्या खोलीत पडून राहिली. हेमंतराव दोनदा दारात येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा तिने डोळे मिटून घेतले. तिचं डोकं मात्र लख्ख चाललं होतं. बावीस दिवस झाले, आठ उरले. त्यांनी पहारा दिला तो भलत्या ताटावर, त्यामुळे खऱ्या ताटाची मोजणी एक दिवसही चुकली नव्हती. आठ दिवसांनी खात्याचं बोलावणं तिच्या नावाने येईल. ती तपासणीला जाईल, ठणठणीत निघेल. मग कोणीतरी विचारेलच की बाई, या ताटात जेवतं कोण?

त्यानंतर काय होतं, ते तिला माहीत होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका मोडीवाचकाचं तसं झालं होतं. परवाना त्याच दिवशी गोठला, नाव कोर्टाच्या फलकावर लागलं आणि त्याने वाचलेले तीस वर्षांचे कागद लोक संशयाने उघडू लागले. ती बातमी वाचून हेमंतराव म्हणाले होते, "याच्यापेक्षा माणूस मेलेला बरा." आत्ता त्यांच्या टेबलावर दोन गावांच्या पाटाच्या भांडणाचा रुमाल अर्धा वाचून पडला होता. कोणत्या गावाला आठवड्यातले किती दिवस पाणी, ते त्यांच्या सहीवर ठरणार होतं. एक पान दोनदा लिहिलं गेलं तर परत तरी येतं. एखादी ओळ गळली तर कोणाला कळणार?

सांगून टाकावं, असं तिच्या दोनदा मनात आलं. बाहेरून त्यांच्या चपलांची फटफट ऐकू येत होती. ते तिच्यासाठी चहा करत होते. साखरेचा डबा कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हतं आणि तिला उठवायचंही नव्हतं, म्हणून ते एकेक कपाट हळूच उघडून बघत होते. शुभदाने ते सगळं ऐकलं आणि सांगायचं नाही असं ठरवलं. आजारी आपणच व्हायचं.

चहा बिनसाखरेचा होता. तिने तो सगळा प्यायला. मग म्हणाली, "माझं ऐकाल?"

"बोल."

"तुम्ही आता काम थांबवा. मला घरात एकटीला नको वाटतं."

ही मागणी लहान नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर शाई नसलेल्या सह्या करत राहिली.

"पाटाचा रुमाल अर्धा आहे, शुभा. तेवढा संपवतो."

"संपवायला लागलात की तुमचं लक्ष माझ्याकडे राहील, कागदाकडे नाही. एखादी ओळ सुटली म्हणजे? दुसऱ्या वाचकाला द्या. आणि पत्रात लिहा, घरच्या आजारपणामुळे गेले सहा महिने लक्ष थाऱ्यावर नव्हतं, तेव्हाची वाचनं कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्यावीत. चौतीस वर्षांच्या सहीला शेवटी बट्टा लागायला नको."

"सहा महिने?" त्यांनी विचार केला. "गेल्या महिन्यात एक परत आलं खरं. मी उगाच त्या कारकुनाला बोललो."

"म्हणून म्हणते."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "तुझ्यासाठी सोडतो. दुसऱ्या कोणासाठी सोडलं नसतं."

"ठाऊक आहे मला. आणि पत्र पोचलं की आपण डॉक्टरांकडे जाऊ. पण तपासणी दोघांची. मी एकटी त्या मशिनीत झोपणार नाही. आधी तुम्ही, मग मी."

"मला काय झालंय?"

"काही नाही. सोबत म्हणून."

हेमंतराव हसले. "बरं बाई. सोबत म्हणून."

पत्र त्यांनी हाताने लिहिलं, मोडीत नव्हे, स्वच्छ बाळबोध अक्षरात. एकही खाडाखोड नव्हती. शुभदाने ते दोनदा वाचलं, चूक शोधायला म्हणून, आणि चूक सापडली नाही तेव्हा तिला आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. राजीनामा या महिन्याच्या अखेरीपासून लागू व्हायचा होता, म्हणजे अजून सोळा दिवस. यंत्राच्या हिशेबाने हातात फक्त आठ होते. मोठं ताट सलग पाच दिवस कोरं गेलं, तरच मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होती.

संध्याकाळी सानिकाचा फोन आला. शुभदाने सांगितलं, "यंत्र नीट आहे. बाबा भांडी विसळायला शिकलेत, म्हणून तो गोंधळ. तू दिवाळीला येशील तेव्हा समोर बसून सगळं सांगते."

"सगळं म्हणजे काय? आई?"

"दिवाळीला," शुभदा म्हणाली.

दुपारचं मोठं ताट तिने यंत्र चालू व्हायच्या आधीच बाहेर काढून हाताने घासलं होतं. जेवायला तिने मुद्दाम वरणभात केला. हेमंतराव मोठ्या ताटात जेवले, नेहमीसारखे, पोटभर. शेवटी ताट बोटाने निपटून काढलं. मग तिचं लहान ताट उचलून ते नळापाशी गेले. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे बाह्या सरसावून कामाला लागले.

"काठाला राहिलंय," शुभदा शेजारी येऊन म्हणाली. "असं नाही. अंगठा आतून फिरवायचा. हां."

"एवढं असतं होय यात?"

"असतं." तिने टेबलावरचं मोठं ताट आणलं आणि त्यांच्या पाण्याखाली धरलं.

"अगं, माझं कशाला विसळतेस? माझं तसंच ठेवायचं आहे ना?"

"एकच ताट रोज कोरं गेलं की सानिकाचा फोन येतो. दोन्ही गेली की यंत्रच बिघडलंय म्हणेल."

हेमंतरावांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "कोण म्हणेल तुला विस्मृती आहे!"

शुभदाने मोठ्या ताटावर अंगठा फिरवला. मधोमध, मग कडेकडेने, मग काठाच्या बाहेर, जिथे तिचं नाव होतं तिथे. एक शीत चिकटलेलं होतं, तेही काढलं. दोन्ही ताटं तिने आत शेजारी शेजारी लावली आणि दार बंद केलं.

"ती ताटांची गोष्ट सांगणार होतीस," हेमंतराव म्हणाले.

"सांगते की." तिने हात पुसले आणि खुर्ची ओढली. "माझ्या वडिलांनी लग्नात दोन ताटं दिली होती..."

ते कान देऊन ऐकू लागले. दुकानदाराचा घोळ आला तेव्हा मोठ्याने हसले. कोणत्या ताटावर कोणाचं नाव आलं, ते तिने गाळलं. नव्या जावयाने ताट पुढ्यात ओढलं, इथवर ती आली आणि अडखळली, कारण या शब्दापुढे ती कधी बसलीच नव्हती.

"मग? काय म्हणाला तो जावई?" हेमंतरावांनी उत्सुकतेने विचारलं.

फरशीवर लाल ठिपका उमटला. टेबलावरचा त्यांचा मोबाइल एकदा थरथरला आणि पडद्यावर निरोप आला, आज या घरात कोणीही जेवलं नाही.